डोया म्हणजे डोळा : खानदेशात वस्तीवर अभ्यासवर्ग सुरू करणाऱ्यांसाठी

जुलै उजाडला की कॉलेजची चार-सहा पोरंपोरी भेटायला येतात. वस्तीवरच्या मुलांना शिकवायचंय म्हणतात. खिशात जमवलेले हजार-पाचशे रुपये असतात आणि डोक्यात वह्यावाटपाचा कार्यक्रम. मी एकच विचारतो, "दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी याल का? पाऊस असला तरी?" निम्मे तिथेच गळतात. गळू द्यावेत.

हे मी कडवटपणे म्हणत नाही, कारण त्या गळणाऱ्यांत मीही होतो. धुळ्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच मित्रांनी पांझरेकाठच्या एका वस्तीत वर्ग काढला. तीन आठवडे झोकात चालला. मग परीक्षा आली, मग दिवाळी, मग एकाच्या बहिणीचं लग्न. दीड महिन्यानं गेलो तर सात-आठ वर्षांची एक पोरगी ओट्यावर पाटी घेऊन बसलेली. म्हणाली, "तू उनाच नही, सर." तू आलाच नाहीस. पहिले काही दिवस ती ठरल्या वेळी येऊन बसत होती, हे तिच्या आजीनं सांगितलं. वर्ग आम्ही पुन्हा उभा केला, पण त्या पोरीनं माझ्याशी नीट बोलायला पुढचं आखं वर्ष लावलं. खाली जे लिहिलंय ते असं चुकतमाकत शिकलेलं आहे.

आधी स्वतःचं कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि पुढच्या वर्षभरातल्या तुमच्या परीक्षा, प्रॅक्टिकल, घरची लग्नं, गावची जत्रा, सगळं त्यावर लिहा. उरलेल्या दिवसांतून आठवड्याला दोन संध्याकाळ निघतात का ते पाहा. निघत असतील तरच पुढे वाचा. एकच निघत असेल तर वर्ग काढू नका, आधीपासून चालू असलेल्या कुणाच्या तरी वर्गावर मदतीला जा. त्यात कमीपणा काही नाही.

एका वर्गामागे किमान चार जण हवेत. दर वेळी दोघं हजर, दोघं राखीव. परीक्षा सगळ्यांच्या एकाच वेळी येतात हे लक्षात ठेवून गटात एखादा नोकरी करणारा, एखादी डीएडची मुलगी, एखादा वेगळ्या शाखेचा असा भरणा करा. आमचा पहिला गट बुडाला तो पाचही जण एकाच वर्गातले होतो म्हणून.

राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर एक सोपा हिशोब सांगतो. योजनेत वर्षाला १२० तासांचं काम करायचं असतं. आठवड्याला दीड-दीड तासाचे दोन वर्ग म्हणजे ३ तास, आणि ४० आठवडे चालवलात की बरोबर १२०. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी भेटून हे काम त्या तासांत धरतील का ते विचारून घ्या, नंतर सही मागायला जाऊ नका. कॉलेजचं एक पत्रही मिळालं तर पुढच्या चार दारांत उपयोगी पडतं.

वस्ती कुठली निवडायची

धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगर सगळ्यांना खुणावतात. तिथल्या पाड्यांवर काम करायला माणसं हवीतच, पण धुळे-जळगावहून जाऊन-येऊन दिवस मोडतो आणि तुम्ही वर्षातून दोनदा जाल, ब्लँकेटं वाटाल, परत याल. तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांत राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पाडा तुमच्या सायकलच्या टप्प्यात आहे.

बाकीच्यांनी पंधरा मिनिटांच्या अंतरात शोधावं. गावाबाहेरची वीटभट्टी, जिनिंगच्या मागच्या खोल्या, नदीकाठच्या झोपड्या, भटक्यांची पालं. आणि एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे शेतातल्या सालदाराची, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याची, खोली. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ऐन वार्षिक परीक्षेच्या आगेमागे, बाप दुसऱ्या गावच्या मालकाकडे जातो आणि मुलाची शाळा सुटते. अशी मुलं एकेकटी विखुरलेली असतात, त्यांचा मोर्चा निघत नाही, त्यामुळे ती कुणाला दिसत नाहीत. मळ्यात दोन-तीन सालदार कुटुंबं जवळजवळ असली तरी वर्ग काढायला पुरेशी आहेत. पाच मुलांचा वर्गही वर्गच असतो.

पहिल्या तीन फेऱ्या रिकाम्या हातानं

वही, खाऊ, बॅनर काहीही न घेता जा. संध्याकाळी सहानंतर, बाया कामावरून आल्या की. चहा देतील तो प्या. गुळाचा असेल, कोरा असेल, प्या. आपल्याकडे चहा नाकारला की बोलणं तिथेच संपतं. वस्तीतल्या वयानं मोठ्या माणसाला आप्पा, नाना, आबा, जे तिथे म्हणत असतील ते म्हणा आणि आधी त्यांच्याशी बोला. बोलून झालं की बायांशी बोला, कारण मूल वर्गाला येणार की नाही हे आईच ठरवते. गटात मुलगी असेल तर हे निम्म्यानं सोपं होतं.

विचारायचं ते असं: कोणतं पोर कुठल्या शाळेत जातं, सगळ्यात धाकट्याला दिवसभर कोण सांभाळतं, कापूस वेचणीला घरातले कोण कोण जातात, दिवाळीनंतर गाव सोडता का, रात्री वीज किती वाजता जाते. या उत्तरांतून वर्गाची वेळ ठरते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे ऑक्टोबरपासून लहान हातांनाही किंमत येते. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर तोच प्रकार. तुम्ही जाऊन "पोरांना कामाला का लावता?" असं विचारलंत तर दार बंद होईल. वेचणी चालू असताना वर्ग सातला घ्या, अर्ध्या तासाचा घ्या, पण चालू ठेवा. धोक्याचं काम, मारहाण किंवा मूल अडकवून ठेवल्याचं दिसलं तर मात्र गप्प बसायचं नाही. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, फोन करा.

धाकटं भावंड कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवू नका. ते रडेल, मुतेल, खडू खाईल. तरी तिला बसू द्या. सतरंजीचा एक कोपरा त्या बाळांसाठी ठेवा. तिला 'बाळाला घरी ठेवून ये' म्हटलंत तर ती घरी राहील, बाळासकट.

शाळेत जाऊन या

बरेच नवे स्वयंसेवक जिल्हा परिषदेच्या शाळेला वळसा घालून जातात. 'शाळेत काही शिकवत नाहीत म्हणून तर आम्ही' असा एक सूर असतो. तो सूर गुरुजींना लांबून ऐकू येतो. दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता, पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती भरणं, वर निवडणूक आणि जनगणना, एवढं सांभाळून तो माणूस शिकवत असतो. काही ठिकाणी शिकवत नसेलही. ते तपासायचं काम तुमच्याकडे नाही.

मुख्याध्यापकांना भेटा, एका पानाचं पत्र द्या: आम्ही कोण, वस्ती कोणती, वार आणि वेळ काय, शाळेच्या वेळेत वर्ग घेणार नाही. पोच घ्या. त्यांना विचारा, कोणती मुलं वाचनात मागे आहेत आणि कोणती पटावर असून येत नाहीत. ही यादी ज्या गुरुजींनी दिली त्यांनी तुम्हाला आपलं मानलं असं समजा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार ७५ टक्के सदस्य पालक असतात. वस्तीतला एखादा पालक त्या समितीवर असेल तर त्याला हाताशी धरा. शाळेतच मदत करायची असेल तर केंद्र सरकारच्या 'विद्यांजली' पोर्टलवर स्वयंसेवक म्हणून नोंदणी करता येते. आदिवासी आश्रमशाळेत काही करायचं मनात असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी पुरत नाही. त्या आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत असतात, प्रकल्प कार्यालयाचं लेखी पत्र हवं. आपल्याकडे ही कार्यालयं नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावलला आहेत.

हे नियम पहिल्याच दिवशी

हे गटात सगळ्यांनी सही करून मान्य करावं, लाजू नये. वर्ग उघड्यावर किंवा दार सताड उघडं असलेल्या खोलीत. एकट्या मुलासोबत एकटा स्वयंसेवक कधीही नाही. मुलाला गाडीवर बसवून कुठे नेणं नाही, आईबापाला विचारून असलं तरी नाही. हात उगारायचा नाही, 'ढ' म्हणायचं नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत.

फोटोचं सगळ्यात जड जातं, मला ठाऊक आहे. मग असं करा, फळ्याचा फोटो काढा, चिंचोक्यांचा काढा, तुमच्या स्वतःच्या चिखलानं भरलेल्या चपलांचा काढा.

एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा संशय आला तर तो 'गटात चर्चा करून' ठेवण्याचा विषय नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मूल काही सांगू लागलं तर शांतपणे ऐका, खोदून प्रश्न विचारू नका, त्याला 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका.

कोण किती वाचतं ते पाहा

आता खरं काम. पहिल्या आठवड्यात शिकवू नका. एकेका मुलाला बाजूला (सगळ्यांच्या नजरेसमोर, पण ऐकू न जाईल इतकं) बसवून वाचून घ्या. 'प्रथम' संस्थेच्या 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून जी पद्धत वापरतात ती घरच्या घरी करता येते. एका कागदावर दहा अक्षरं, दहा साधे शब्द, चार ओळींचा सोपा परिच्छेद आणि आठ-दहा ओळींची गोष्ट मोठ्या अक्षरात लिहा. परिच्छेदापासून सुरुवात करा. तो जमला तर गोष्ट द्या, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. मूल जिथे सहज वाचतं तिथे त्याची पातळी. गणितासाठी तसंच: एक आकडी संख्या, दोन आकडी संख्या, हातच्याची वजाबाकी, भागाकार.

पहिल्यांदा धक्का बसेल. सहावीतला मुलगा शब्दावर अडलेला असेल आणि तिसरीतली त्याची बहीण गोष्ट वाचत असेल. आता गट पाडायचे ते इयत्तेवर पाडू नका, पातळीवर पाडा. मात्र सहावीतल्या त्या मुलाला पोरासोरांत बसवून त्याची लाज काढू नका. आम्ही अशा मोठ्यांना सतरंजी टाकायचं, हजेरी घ्यायचं, फळा पुसायचं काम देतो आणि 'धाकट्यांना दाखव' म्हणून त्यांच्या शेजारीच बसवतो. दाखवता दाखवता तो शिकतो, आणि सगळ्यांना ते कळत असतं, कुणी बोलत नाही.

ही तपासणी दर दोन महिन्यांनी करा आणि वहीत तारखेसह लिहा. "छान प्रगती आहे" असं लिहू नका. "१२ ऑगस्ट: शब्द. १० ऑक्टोबर: परिच्छेद, जोडाक्षराला अडते" असं लिहा.

भाषा, इथेच बहुतेक वर्ग फसतात

आमच्या वर्गात एका मुलानं डोळ्याच्या चित्राखाली 'डोया' लिहिलं. माझ्या मित्रानं लाल पेननं फुली मारली. मुलगा पुढचे दोन वर्ग आला नाही. त्यानं ऐकलं ते बरोबर लिहिलं होतं. अहिराणीत ळ चा य होतो. डोळा डोया, केळी केयी, काळा काया, आणि धुळ्याचं धुये. लेवा बोलीतही हे आढळतं. ण चा न होतो, पाणी पानी. म्हणजे त्या मुलाला 'ड' ला ओकार आणि 'य' ला काना, दोन्ही येत होतं. दोन गुणांचं उत्तर होतं, आणि आम्ही शून्य दिलं.

तेव्हापासून आमच्या फळ्यावर मधोमध एक रेघ असते. डावीकडे घरचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला. डोया, डोळा. घरचा शब्द आधी लिहायचा, मोठ्यानं वाचायचा, आणि मग 'पुस्तकात याला काय म्हणतात?' असं विचारायचं. चूक म्हणायचं नाही. दोन महिन्यांत मुलं स्वतःच ळ शोधू लागतात आणि मास्तरांच्या बोलण्यातले 'पुस्तकी' शब्द पकडून हसतात. हसू द्या.

मुलं तुम्हाला 'तू' म्हणतील, त्याचाही राग नको. घरात आजोबालाही तसंच म्हणत असतील. "आठे बस" (इथे बस), "काय करी राह्यना?" (काय करतोयस?) अशी चार वाक्यं तुम्ही अहिराणीत बोललात की अर्धी भीती जाते. अहिराणी येत नसेल तर मोडकीतोडकी बोला. मुलं तुमच्या चुका सुधारतील, आणि चूक सुधारणं किती सोपं असतं हे त्यांना तुमच्यावरून कळेल.

पावरी, भिली, मावची या आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी अवघड. अहिराणीच्या मुलाला मराठी निदान ओळखीची वाटते. पाड्यावरून आलेल्या पहिलीतल्या मुलाला शाळेतली मराठी जवळजवळ परक्या मुलखाची. तिथे पहिला महिना अक्षराला हात लावू नका. गप्पा, गाणी, खेळ, चित्रं. मुलांकडून एक चित्रकोश करवून घ्या: जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कुऱ्हाड, महूचं फूल, कोंबडा, चूल अशी चित्रं, खाली त्यांचा शब्द देवनागरीत, त्याखाली मराठी. त्यांचा शब्द तुम्हाला माहीत नसतो, तो ते तुम्हाला शिकवतात. मोठ्या मुलांपैकी एखादा दुभाष्या म्हणून लागतोच. लक्षात ठेवा, बोली गावागणिक बदलते, शेजारच्या पाड्याचा चित्रकोश इथे चालेलच असं नाही.

अक्षरं शिकवताना 'अ अननसाचा' हा रस्ता सोडा. अननस वस्तीवर कुणी पाहिलेला नसतो आणि 'अ' नं फारसे शब्द लिहिताही येत नाहीत. आम्ही क, म, न, ल ही चार अक्षरं आणि काना एवढ्यावर सुरू करतो. तेवढ्यात मका, नाक, कान, माल, नाला, काल, काका, मामा, नाना लिहून होतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला आपल्या मामाला 'मामा' लिहिता येतं. ती पाटी घेऊन ते घरभर हिंडतं.

वाचायला मजकूर कमी पडतो तेव्हा वस्तीतल्या बाया कामी येतात. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी दुसऱ्यांनी टिपून ठेवली म्हणून उरली, आणि आज जळगावचं विद्यापीठ त्यांच्या नावानं आहे. तुमच्या वर्गातल्या पोराच्या आजीला आखाजीची, कानबाईची (ही खानदेशातली देवी), जात्यावरची गाणी येतात. तिला वर्गात बोलवा. तिनं एक कडवं म्हणायचं, तुम्ही फळ्यावर लिहायचं, मुलांनी वाचायचं. पाठ असलेलं असल्यामुळे अडत नाही, आणि आजीलाही कळतं की हे लोक आपल्या पोरांना काही परकं शिकवत नाहीत.

गणिताचं थोडक्यात

दशक शिकवायला कपाशीच्या वाळक्या पराट्यांचे एकसारखे तुकडे करून दहा-दहाचे गठ्ठे बांधा. रबरबँड, चिंचोके, दहाच्या खोट्या नोटा, बस. २९, ३९, ४९ या 'एकोण'वाल्या संख्यांवर मुलं हमखास अडतात, कारण एकोणतीसमध्ये 'तीस' ऐकू येतं आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस पाच' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता. वर्गात मला तरी ती उपयोगी पडते. आधी 'वीस नऊ', गठ्ठे मोजून, आणि मग त्याचंच दुसरं नाव एकोणतीस. शेजारी बसलेली आजी साठाला 'तीन विसा' म्हणाली तर तेही गठ्ठ्यांनी मांडून दाखवा.

तोंडी हिशोब या मुलांना तुमच्यापेक्षा बरा येतो. आईनं ३२ किलो कापूस वेचला, किलोला अमुक रुपये, मुकादमानं दोन किलो काटले, हातात किती आले? तोंडानं उत्तर येईल. अडतं ते कागदावर. म्हणून आधी तोंडी, मग तेच लिहून.

दीड तास कसा वापरायचा? दहा मिनिटं गाणं किंवा खेळ, अर्धा तास गटात वाचन, वीस मिनिटं गणित, वीस मिनिटं लिहिणं, शेवटी दहा मिनिटं तुम्ही मोठ्यानं गोष्ट वाचून दाखवणं. शाळेचा गृहपाठ करून देण्यात वर्ग घालवू नका, तो खड्डा भरत नाही. वीज गेली तर चार्जिंगचा दिवा हवा. मार्चनंतर आपल्याकडचं ऊन काय असतं ते सांगायला नको, पत्र्याखाली दुपारचा वर्ग म्हणजे शिक्षा. सकाळी सातला घ्या किंवा निंबाखाली.

दिवाळीच्या आधीची यादी

दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नंदुरबार, धुळ्याकडून कुणी दक्षिण गुजरातच्या कारखान्यांना, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते, त्यामुळे 'यंदा जाऊ नका' हा सल्ला फुकट आहे. परत येतात ते होळीला किंवा आखाजीच्या सुमाराला.

म्हणून नवरात्रातच यादी करा: कोण जाणार, कुठल्या भागात, मूल सोबत जाणार की आजीजवळ राहणार. आजीजवळ राहू शकत असेल तर तेच सगळ्यात चांगलं. अशा वेळी आजीला भार वाटू नये म्हणून तुम्हीच दोनदा चक्कर मारा. काही ठिकाणी हंगामी वसतिगृहाची सोय शाळेमार्फत होते, मुख्याध्यापकांना दिवाळीआधी विचारा, नंतर उपयोग नाही. मूल जाणारच असेल तर शाळेतून 'शिक्षण हमी कार्ड' मागून घ्या. त्यावर मुलाची इयत्ता आणि पातळी असते, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. राज्याबाहेर त्याचा उपयोग होईलच असं धरून चालू नका. सोबत दोन गोष्टीची पुस्तकं आणि एक वही द्या, बापाचा फोन नंबर घ्या. आमची एक मुलगी उसाच्या फडातून दर रविवारी बापाच्या फोनवरून एक पान वाचून दाखवायची. मध्येच रिचार्ज संपायचा.

परत आल्यावर त्या मुलाची पुन्हा तपासणी करा आणि जिथे असेल तिथून धरा. होळीच्या दिवसांत भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचा सणाचा बाजार, असतो, पाड्यावरची मुलं आठवडाभर फिरकत नाहीत. हजेरी पडली म्हणून चिडू नका, तुम्हीही बाजारला जा.

कागदपत्रं आणि परीक्षा

शाळाबाह्य मूल दिसलं तर त्याला आधी शाळेत घाला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेला अभ्यास विशेष प्रशिक्षणानं भरून काढायचा, असंही त्यात आहे. शाळेत हे वाद घालत सांगू नका, 'सर, एवढं बघा ना' असं म्हणत कायद्याचा कागद पुढे ठेवा. तालुक्यात बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षक असतील तर त्यांना गाठा, ते यात मुरलेले असतात.

आठवीतल्या हुशार मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा लक्षात ठेवा. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असेल तर उत्तीर्ण होऊन निवड झाल्यावर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पाचवीला नवोदयची परीक्षा. फॉर्म कधी निघतात ते शाळेत विचारत राहा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला काढायला वेळ जातो, त्यामुळे ते काम जूनमध्येच सुरू करा. पालकासोबत सेतू केंद्रात जाऊन रांगेत उभं राहणं हीसुद्धा मदतच आहे, आणि माझ्या मते वह्यावाटपापेक्षा मोठी.

पैसा आणि खाऊ

वर्गाला पैसा फार लागत नाही. फळा, खडू, पाट्या, सतरंजी, एक पेटी, दिवा, आणि पुस्तकं ओळखीच्यांकडून. पैसे जमवलेच तर हिशोब पहिल्या रुपयापासून लिहा. खाऊ रोज देऊ नका. चॉकलेट बंद झालं की मुलं बंद होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वाढदिवस साजरा करायला कुणी केक घेऊन आलं तर म्हणावं, आज इथे बस, दोन मुलांचं वाचन घे, केक मग कापू. निम्म्या वेळा तो माणूस पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. बिनकेकाचा.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि छात्रालय सांभाळत, मुलांच्या खोल्या झाडण्यापर्यंत सगळं करत. तेव्हा सतरंजी झटकायचं काम नव्या पोरांनी आनंदानं घ्यावं, आमच्या गटात त्यावरून भांडणं होतात.

सोडून जाताना

तुम्ही जाणार आहातच. पुण्याला नोकरी लागेल, लग्न होईल, एमपीएससीचा क्लास लावाल. दोन महिने आधी नवी जोडी शोधा, तिला किमान सहा वर्गांना सोबत घेऊन जा, घरोघरी ओळख करून द्या. मुलांना स्वतः सांगा की अमुक तारखेला माझा शेवटचा वर्ग आहे. निरोपाचा कार्यक्रम नको. आणि वही नव्या माणसाच्या हातात द्या. तिच्यात प्रत्येक मुलाची पातळी असेलच, पण शेवटच्या पानावर हेही लिहा: पेटीची किल्ली कुणाच्या घरी असते, कुठल्या घरी सहाच्या आधी जायचं नाही, कुठल्या आजीला कानबाईची गाणी येतात, आणि वळणावरचं कुठलं कुत्रं चावतं.